बटाट्यावर रस्सा

मागच्या भागात आपण जात्याबद्दल बोललो होतो. आज बोलायचंय बटाट्याबद्दल. हसू नका. बटाट्याला इतिहास असतो, आणि त्यात आपल्या सातारा-सांगलीचाही वाटा आहे.

मला हे सुचलं ते माधवनगरात. सांगलीहून बुधगावकडे निघालं की लागतं ते माधवनगर. तिथं रस्त्याकडेच्या एका गाळ्यात कॉलेजच्या पोरांनी भरलेलं चार टेबलांचं एक छोटं हॉटेल आहे. माझी भाची मला ओढतच घेऊन गेली. "आत्या, चल की, आज मी खायला घालते तुला," म्हणाली. भिंतीवरच्या पाटीवर तिनं बोट ठेवलं, 'लोडेड पुटिन'. मी म्हटलं, हे तर रशियाच्या त्या माणसाचं नाव! ती हसून हसून खाली बसली. पण माझं अगदीच चुकलं नव्हतं, ते पुढं सांगते.

थाळी आली. खाली बटाट्याच्या लांब तळलेल्या कापट्या. त्यांवर पांढऱ्या चीजचे तुकडे, पनीर, मक्याचे दाणे, कांदा, कोथिंबीर. आणि या सगळ्यावरून ओतलेला तपकिरी, दाट, गरम रस्सा. किंमत एकशे चाळीस रुपये. 'लोडेड' म्हणजे वरून लादलेलं. मी पहिला घास घेतला आणि भाचीला म्हटलं, "अगं, हा तर कट वडा आहे! फक्त वड्याचं पीठ काढून टाकलंय."

तुम्हीच सांगा. कोल्हापूर-सांगलीकडचा कट वडा म्हणजे काय? बटाट्याचा वडा, आणि तो बुडेल इतका मिसळीचा कट. रश्शावर जो लाल, तिखट तवंग येतो तो कट. तळलेला बटाटा आणि वरून रस्सा. सात समुद्रापलीकडच्या माणसांनी हीच गोष्ट स्वतःच्या वाटेनं शोधून काढली. ती कशी, ते आधी सांगते.

कॅनडा नावाचा देश आहे. त्यात क्वेबेक नावाचा प्रांत. तिथले लोक फ्रेंच बोलतात. थंडी कडाक्याची, शेती आणि गाईगुरं भरपूर. गावोगावी चीजचे छोटे कारखाने. चीज करताना दुधाचे जे ताजे गोळे निघतात, ते त्याच दिवशी खाल्ले तर दाताखाली रबरासारखे चुईंचुईं वाजतात. दुसऱ्या दिवशी तो आवाज जातो. म्हणून हे गोळे पिशवीत भरून हॉटेलाच्या गल्ल्यावरच विकायला ठेवायचे. १९५७ मध्ये वॉरिक नावाच्या गावात फर्नांड लाशान्स यांच्या हॉटेलात एका गिऱ्हाइकानं सांगितलं की माझ्या तळलेल्या बटाट्यात ते चीजचे गोळे टाकून दे. लाशान्स म्हणाले, अरे, याचा सगळा काला होईल! त्यांच्या बोलीत असल्या गिचमिडीला 'पुटिन' म्हणतात, आणि तेच नाव पडलं, अशी ती गोष्ट. रस्सा नंतर आला, बटाटा जास्त वेळ गरम राहावा म्हणून. तिकडं ड्रमंडविल गावचे जां-पॉल रॉय म्हणणार की नाही हो, बटाटा, चीज आणि रस्सा एकत्र करून पहिल्यांदा आम्हीच विकलं, १९६४ मध्ये. भांडण अजून मिटलेलं नाही. मिसळ पहिली कुणाची यावर आपल्याकडं पुणे, नाशिक आणि कोल्हापूरकर भांडतात, तसंच.

नावाची गंमत बघा. पुटिन म्हणजे गिचमिड, आणि मिसळ म्हणजे मिसळलेलं. दोन्हीकडच्या लोकांनी पदार्थाला थाटाचं नाव दिलंच नाही. जे ताटात दिसलं तेच म्हटलं. आणि ती रशियाची गोष्ट, तर फ्रेंच भाषेत त्या राष्ट्राध्यक्षाचं आडनाव आणि हा पदार्थ अगदी सारख्याच अक्षरांनी लिहितात. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा पॅरिसमधल्या एका पुटिनच्या हॉटेलाला लोकांनी फोन करून शिव्या घातल्या. बिचारे बटाटे तळणारे!

बरीच वर्षं शहरातले शहाणे लोक पुटिनला नाकं मुरडायचे. मजुरांचं खाणं, ट्रकवाल्यांचं खाणं, खेड्यातलं खाणं म्हणायचे. आज तेच लोक पाहुण्यांना कौतुकानं खायला घालतात. भाकरी आणि पिठल्याचं आपल्याकडं काय झालं ते आठवा. आमच्या लहानपणी पाहुणा आला तर भाकरी झाकून ठेवायची आणि चपाती लाटायची. आता शहरात त्याच भाकरीला पाटीवर जागा मिळते, आणि तीसुद्धा चढ्या दरानं.

आता मुख्य गोष्ट, बटाट्याची. बटाटा मुळात दक्षिण अमेरिकेचा. पेरू, बोलिव्हियाच्या उंच डोंगरात हजारो वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी रानटी कंदापासून तो घडवला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. 'बटाटा' हा शब्द आपल्याकडं पोर्तुगिजांकडून आला. गंमत म्हणजे मूळ शब्द रताळ्याचा होता, तिकडच्या बेटांवरच्या लोकांचा. उत्तरेत आलू म्हणतात, आणि आपण व गुजराती लोक बटाटा म्हणतो. ज्यांची जहाजं ज्या किनाऱ्याला लागली, त्यांचा शब्द तिथं राहिला.

मिरचीही तिकडचीच. त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरे, आणि मिऱ्यावरूनच मिरचीला नाव पडलं. भुईमूगही तिकडचा. साबुदाणा ज्या कंदाचा करतात, तो कसावाही तिकडचा. म्हणजे एकादशीला आपण बटाट्याची भाजी, साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट आणि हिरवी मिरची खातो, ते सगळंच्या सगळं अमेरिकेतून आलेलं! गहू-ज्वारी चालत नाही, हळद चालत नाही, आणि पेरूचा बटाटा चालतो. आमच्या सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "देवाला सगळं चालतं, अडतं ते तुमचंच." आणि खिचडीवर कोथिंबीर घालायला विसरल्या नाहीत. आमच्यात चालते, काहींच्यात नाही.

बटाटा आपल्या डोंगरात कसा रुजला, ही गोष्ट फार कमी जणींना ठाऊक असेल. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून इंग्रजांनी महाबळेश्वरचा डोंगर घेतला आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या नावानं तिथं माल्कमपेठ वसली. साहेब लोकांना उन्हाळ्यात राहायला थंड हवा हवी होती, आणि थंड हवेत त्यांच्या सवयीची भाजीही हवी होती. ती पिकवायची कुणी? १८३४ च्या सुमारास तिथं एक तुरुंग बांधला. त्यात मलाया, सिंगापूरकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले, शंभराच्या वर. त्यांना रस्ते करायला लावलं, बागा करायला लावल्या. हे कैदी मातीतले जाणकार निघाले. बटाटा आणि इंग्रजी भाज्या त्यांनी उत्तम पिकवल्या, आणि पाहता पाहता आसपासच्या लोकांनी त्यांच्याकडून ते शिकून घेतलं. वेताच्या टोपल्या, खुर्च्या विणायचं कामही त्यांच्याकडून तिथं रुजलं असं सांगतात. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. माल्कमचं नाव पेठेला राहिलं. ज्यांनी वाफे केले त्यांतल्या एकाचंही नाव आपल्या तोंडी नाही.

मला त्या कैद्यांचा विचार बराच वेळ सोडून गेला नाही. घरापासून हजारो मैलांवर, भाषा कळत नाही, पायात बेडी, आणि धो धो पावसात हा माणूस बटाट्याला माती लावतोय. कुणासाठी? साहेबाच्या ताटासाठी. पण साहेब गेले आणि बटाटा आपल्याकडं राहिला.

आज सातारा जिल्ह्यात खटाव, कोरेगावकडं, पुसेगावच्या भागात पावसाळी बटाटा होतो. तिकडच्या मैत्रिणी ऐकत असतील तर त्यांना सांगायला नको. बेणं कापायचं तर प्रत्येक फोडीला डोळा राहिला पाहिजे, आणि हे काम बायांच्याच हाती असतं. विळीवर बसून दिवसभर बेणं कापायचं. एक डोळा चुकला तर फोड वाया. काढणीलाही वाकून वाकून बायाच वेचतात. आणि संध्याकाळी गड्याची मजुरी वेगळी, बाईची वेगळी.

याच पिकावर येणाऱ्या करप्यानं १८४५ पासून आयर्लंड देशाचं काय केलं तेही ऐका. तिथली गरीब माणसं सगळी बटाट्यावरच जगायची. करपा आला, पीक वाफ्यातच सडलं, आणि चार-पाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली. आणखी लाखोंनी देश सोडला. त्यांतली कितीतरी माणसं जहाजानं कॅनडाला, त्याच क्वेबेकच्या किनाऱ्याला लागली, आणि १८४७ च्या उन्हाळ्यात हजारो जण तिथल्या बेटावर तापानं गेले. एकाच पिकावर सगळं घर टांगू नये, हे आपल्या दुष्काळी भागाला वेगळं सांगायची गरज नाही. म्हणून तर आपण ज्वारीत करडई आणि तुरीची ओळ टाकतो.

बटाटा ताटात आला. पण हॉटेलात कोण बसणार? हा प्रश्न बटाट्याएवढाच मोठा होता.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ होते. राजवाड्याच्या पागेत चाकरीला. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला बळ दिलं. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं, नाव 'सत्यसुधारक'. दलिताच्या हातचा चहा प्यायला वरच्या जातीचं कोण येणार? तर महाराज स्वतः तिथं गाडी थांबवायचे, चहा मागवायचे, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावायचे. राजाच पितोय म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येईना. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तरी त्यानंतर कित्येक वर्षं खेड्यातल्या हॉटेलात वेगळ्या कपबश्या ठेवलेल्या होत्या. आपल्यातल्या थोरल्या बायांनी त्या पाहिलेल्या आहेत.

आणि बाई? बाईसाठी कुणी राजा गाडी थांबवून उभा राहिला नाही. गावच्या हॉटेलात पुरुष बसायचे, वर्तमानपत्र वाचायचे, मिसळ खायचे. बाई रस्त्यानं जाताना मान खाली घालून जायची. तालुक्याला दवाखान्यात किंवा कोर्टात गेलं आणि भूक लागली तर नवरा भजी बांधून आणायचा आणि आपण एस.टी. स्टँडवर पदराआड खायचो. मोठ्या हॉटेलात 'फॅमिली रूम' असायची, पडदा लावलेली. त्या पडद्याला मसाल्याचा आणि धुराचा वास असायचा. एकटीनं, स्वतःच्या पैशानं जाऊन बसायचं असं सुचायचंही नाही.

पण त्याच काळात दुसऱ्यांसाठी शिजवत कोण होतं? इथं माझ्या घरची गोष्ट सांगते. माधवनगरला कॉटन मिल होती. बाहेरगावचे कामगार एकेकटे खोली घेऊन राहायचे. माझी आई त्यांतल्या आठ-दहा जणांचे डबे करायची. पहाटे चारला चूल पेटायची. भाकरी, एक कालवण, कांदा, चटणी. कालवणात आठवड्यातून तीनदा बटाटा, कारण तो टिकतो, फुगतो आणि सगळ्यांना चालतो. हिशेबाची एक वही होती. आईला अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येक माणसासाठी ती एक खूण करायची. कुणाचं फूल, कुणाची सायकल, कुणाची नुसती मिशी. पगार झाला की पैसे. काही जण वही न मिटवताच गाव सोडून गेले. त्या मिशीवाल्याचे सव्वाचारशे रुपये शेवटपर्यंत आलेच नाहीत. आई म्हणायची, "जाऊ दे, पोटात गेलंय त्याच्या." पण वही तिनं टाकली नाही. ती अजून माझ्याकडं आहे. आणि आमच्या घरात कुणी विचारलं, आई काय करते, तर आम्ही सांगायचो, "काही नाही, घरीच असते." मीसुद्धा हेच सांगत होते.

मुंबईच्या गिरणगावात अशा हजारो बाया होत्या. गिरणीत सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडचे गडी, त्यांची बायकापोरं गावाकडं. त्यांच्या जेवणासाठी चाळीतल्या एका खोलीत खानावळ चालवणारी बाई. पगार महिन्याला, पण किराणा तर रोज लागतो. मग ती सावकाराकडून किंवा दुकानदाराकडून उधार घ्यायची, आणि वर्षभर राबून व्याजच फेडायची. प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिलं. त्या मूळच्या गोव्याच्या, लहान वयात गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, पुढं मुंबईत कामगार चळवळीत आल्या. संपाच्या काळात गिरणी कामगारांना उधारीवर जेवू घालून याच बाया संप टिकवतात आणि भाषणात मात्र यांचं नाव कुणी घेत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.

१९६९ मध्ये मोठ्या बँका सरकारी झाल्या होत्या. गरिबाला कर्ज द्या असं कागदावर आलं होतं. पण तारण नसलेल्या बाईला बँकेच्या दारात उभं कोण करणार? मंडळानं बायांचे गट केले. एकीची जबाबदारी सगळ्यांनी घ्यायची, आणि बँकेनं त्या भरवशावर कर्ज द्यायचं. बायांनी कर्ज फेडून दाखवलं. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी पहिले प्रयोग सुरू केले ते १९७६ मध्ये. म्हणजे आपला बचत गट परदेशातून आला असं कुणी म्हणालं तर त्याला दादर-परळची ही गोष्ट सांगा. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आणखी एक नाव घेते, आपल्याच जिल्ह्यातलं. कमलाबाई ओगले. जन्म कुंडलचा, सासर सांगलीचं, शाळा चौथीपर्यंत. स्वयंपाक शिकल्या सासूबाईंच्या हाताखाली. १९७० मध्ये त्यांचं 'रुचिरा' हे पुस्तक आलं आणि घरोघर गेलं. त्यातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. त्यांनी मापं दिली ती वाटीची आणि चमच्याची. त्याआधी सासूला विचारलं, मीठ किती, तर उत्तर यायचं, "अंदाजानं." तो अंदाज यायला दहा वर्षं बोलणी खावी लागायची. कमलाबाईंनी तो वाटीत मोजून दिला, आणि नव्या सुनेची बोलणी वाचली. ज्ञान असंच पुढं जातं, आणि हे चौथी शिकलेल्या बाईनं केलं.

तर माधवनगरच्या त्या टेबलाकडं परत येते. थाळी अर्धी झाली तेव्हा मी आत डोकावले. बटाटे तळायला एक पोरगा होता, पण रस्सा ढवळत होती पन्नाशीची एक बाई. मी विचारलं, "ताई, यात काय काय घातलंय?" ती म्हणाली, "कांदा भाजून, लसूण, थोडा मैदा, मिरी. मालकानं मोबाईलवर दाखवलं होतं, पण ते पचपचीत लागत होतं. मग मी आपला थोडा कांदा-लसूण मसाला घातला. तेव्हापासनं खपतंय." मी म्हटलं, मालकाला माहीत आहे का? ती नुसती हसली. मग हळूच म्हणाली, "पगार तेवढाच आहे."

मी बिल द्यायला गेले तर भाचीनं माझा हात धरला. म्हटलं, तू खायला घातलंस, आता त्या ताईंसाठी काहीतरी मला करू दे. गल्ल्यावर बसलेल्या मुलाला सांगितलं, "रस्सा फार चांगला झालाय. तो करणाऱ्या ताईंना सांगा. आणि वाढवा की थोडं." पोरगा गोरामोरा झाला. वाढवलं की नाही ते पुढच्या खेपेला विचारणार आहे.

गेल्या बैठकीत आमच्या गटानं हा पदार्थ घरी करून पाहिला. चीजऐवजी पनीर घेतलं. आमच्या लहानपणी पनीर कुणी पाहिलं होतं? दूध नासलं तर साखर घालून पोरांना द्यायचो, तेवढंच. रस्सा आमचा, सांगलीचा, सुक्या खोबऱ्याचा. बटाट्याच्या कापट्या करून थंड पाण्यात अर्धा तास ठेवल्या, म्हणजे वरचा चीक निघतो आणि कापटी चिकटत नाही. मग फडक्यावर पूर्ण कोरड्या केल्या आणि दोनदा तळल्या. पहिल्यांदा मंद आचेवर आतून शिजेपर्यंत, दुसऱ्यांदा कडक तेलात रंग येईपर्यंत. रस्सा ओतला की पाच मिनिटांच्या आत खायचं, नाहीतर सगळं मऊ पडतं. आमच्यातल्या एकीनं खाऊन सांगितलं, "मला वडाच बरा." दुसरीनं तीनदा घेतलं.

जत्रेत गाडा लावायचा ठरलंय. नाव काय ठेवायचं यावर दोन बैठका गेल्या. पुटिन म्हटलं तर म्हाताऱ्या येणार नाहीत, आणि कट बटाटा म्हटलं तर पोरं येणार नाहीत. किमतीवरही अजून जमलेलं नाही. निम्म्या जणी चाळीस म्हणतात, निम्म्या पन्नास. मी पन्नासच्या बाजूनं आहे, कारण चाळीसमध्ये तेल, बटाटा, पनीर आणि गॅस धरलाय, पण पहाटे उठून कांदा भाजणाऱ्या दोघींची मजुरी धरलेली नाही. पुढच्या सोमवारी आईची वही घेऊन जाणार आहे बैठकीला.